पाय दुखणाऱ्यांचा टब

मी एक जुना निळा टब आहे. प्लास्टिकचा. दोन कानांपैकी एक कधीच तुटला. मित्रांनो, या घरात मला आणलं ते तान्ह्या मुलीला अंघोळ घालायला. ती पाणी उडवायची आणि घरभर हसू सांडायचं. ती मोठी झाली, मग माझ्यात कपडे भिजू लागले.

पुढे तिचे बाबा कोमट पाणी भरून माझ्यात बसू लागले. ते शिंपी, दिवसभर मशीनवर बैठक. कडी लावून बाहेर सांगायचे, "पाय दुखतात, शेकतोय." त्यांच्या वडिलांनीही जन्मभर हेच सांगितलं होतं.

मला मात्र खरं ठाऊक होतं. शौचाच्या जागी कातडीला चीर पडली होती. तिला फिशर म्हणतात. दुखलं की आतला गोल स्नायू आवळतो, आवळला की रक्त कमी पोचतं, आणि रक्तावाचून चीर भरत नाही. कोमट पाण्यानं स्नायू जरा सैल पडतो. माझी विद्या एवढीच.

अखेर ते डॉक्टरबाईंकडे गेले. आल्यावर बायकोला म्हणाले, "हे रक्तातच आहे का, विचारलं. म्हणाल्या, याचा असा एकच जनुक कुणाला सापडलेला नाही. स्नायू घट्ट असण्याचा कल घराण्यात असेलही. पण पाणी कमी पिणं, कळ दाबून बसणं, हेही घराण्यातच चालतं."

"आणि गप्प बसणं? मामंजींनी तुमच्यासाठी दुसरं काही ठेवलं नाही, हे तेवढं ठेवलं!"

मुलगी नोकरीसाठी दूर गेली. मी तिच्या सुट्ट्यांची वाट बघायचो. एकदा बाबा माझ्यात बसलेले असतानाच तिचा फोन आला.

"बाबा, याही सुट्टीत जमणार नाही. बसमध्ये नऊ तास बसवत नाही. पाय फार दुखतात हो."

बाबा हळूच म्हणाले, "पोरी, माझे पाय कधीच दुखले नाहीत. तुझ्या आजोबांचेही नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे मी आत्ता टबात बसलोय."

पलीकडे ती आधी हसली, मग रडली. "रक्त पडतं, बाबा. चार महिने झाले. कुणाला सांगू?"

"मला सांगितलंस ना! आता उद्या डॉक्टरकडे जा. आणि आजच एक टब घे."

मित्रांनो, दुखतं त्या जागेची लाज धरू नका, घरात मोकळेपणानं सांगा. मला तर तिच्यापर्यंत जाता येत नाही. तिकडच्या कुठल्याशा नव्याकोऱ्या टबानं तिला नीट सांभाळावं, मला त्याचा हेवा नाही. तिला बरं वाटलं, की ती बसमध्ये बसेल.