वाकड्या बुरुजाला पाठ

ओतिलियाबाईंच्या टोळक्यात सगळ्यात मागे एक म्हातारा चालत होता. डोक्यावर पर्यटकाची पांढरी टोपी, हातात शहराचा नकाशा. हा बाईंचा सख्खा नवरा आहे, हे त्या टोळक्यात कुणाच्या गावीही नव्हतं. गेरार्ड पोलंडमधल्या या तोरुन शहरातच जन्मला आणि पस्तीस वर्षं त्याने इथेच ट्राम चालवली. नकाशा निव्वळ सोंगाचा होता, आणि बऱ्याचदा उलटा धरलेला असायचा.

ओतिलिया एकतीस वर्षं परगावच्या लोकांना तोरुन दाखवत आली होती. या हिवाळ्यापासून मात्र नावं तिला दगा द्यायला लागली. सनावळ्या तोंडपाठ, गोष्टी तोंडपाठ, आणि मध्येच एखादं नाव असं पसार व्हायचं की बिचारी बोलता बोलता गप्प उभी राहायची. तपासणीचा अहवाल आणायला गेरार्ड एकटाच गेला होता. आजाराचं नाव ऐकल्यावर तो दवाखान्याबाहेरच्या बाकावर खूप वेळ बसून राहिला. घरी येऊन म्हणाला, "काही नाही गं, रक्तात लोह कमी आहे." तेव्हापासून घरात रोज बिटाचं सूप शिजत होतं.

शिवाय आपल्यालाही डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, असं म्हणून तो तिच्या टोळक्यामागे लागला. "ये, पण ओळख दाखवायची नाहीस," तिने बजावलं होतं. "नवऱ्याला शेपटासारखा घेऊन फिरते म्हणून बाकीचे गाइड हसतील मला." त्याच्या ते पथ्यावरच पडलं. लोकांदेखत तिची फजिती होऊ द्यायची नाही आणि तिला काही कळूही द्यायचं नाही, एवढंच त्याने मनाशी धरलं होतं. भोळा होता बिचारा.

त्या दिवशी बाजारचौकात पुतळ्याखाली ती थांबली. "आणि हे आपले..." टोळक्याला खूण म्हणून धरलेली गाइडची छत्री वर गेली ती तशीच राहिली. बारा जण तोंडाकडे बघतायत आणि शब्द येईना.

"बाई, एक शंका," मागून गेरार्ड म्हणाला. "हा माणूस मुळात जर्मन होता म्हणतात. खरं का ते?"

तोरुनमध्ये हा प्रश्न विचारणं म्हणजे आपण होऊन गाल पुढे करणं. ओतिलियाचे कान लाल झाले.

"साहेब, मिकोवाय कोपर्निकस इथे, त्या पलीकडच्या गल्लीत जन्मला. तुम्हाला हे ज्यांनी सांगितलं ना, त्यांना माझ्याकडे पाठवून द्या. फुकट फिरवून आणते त्यांना."

टोळकं हसलं. नाव आलं होतं. गेरार्डने टोपी जरा खाली ओढून घेतली.

"सारखे काय मध्ये मध्ये बोलता हो?" लुब्लिनहून आलेली एक जाडजूड बाई त्याच्यावर खेकसली. "एकटेच आलात वाटतं. बायकोला आणायचं ना बरोबर, तिने गप्प बसवलं असतं."

"तिला काम असतं," गेरार्ड म्हणाला.

शेवटी सगळे वाकड्या बुरुजापाशी आले. गल्लीवर ओणवलेली ती विटांची भिंत. तिला टाचा आणि पाठ टेकवायची, हात पुढे करायचे. उभा राहिला तो पुण्यवान, तोल गेला तो पापी. भिंतच पुढे झुकलेली, त्यामुळे अख्खी दुनिया पापी ठरते. लुब्लिनच्या बाई सगळ्यात आधी पडल्या आणि हसत हसत म्हणाल्या, "शुक्रवारच्या उपासाला सॉसेज खाल्लं होतं मी. भिंतीला बरं कळलं."

तोरुनची माणसं स्वतः कधी त्या भिंतीला उभी राहत नाहीत, दुसऱ्यांची मजा बघतात. गेरार्डही उभ्या आयुष्यात कधी उभा राहिला नव्हता. पण ओतिलियाची छत्री त्याच्याकडे वळली.

"आता शेवटचे साहेब."

"राहू द्या बाई, माझे गुडघे..."

"या म्हणते ना."

सगळे बघत होते. ओळख दाखवायची नव्हती, म्हणजे बायकोशी घालतो तशी हुज्जतही घालता येईना. त्याने पाठ टेकवली. ती अगदी समोर येऊन उभी राहिली.

"साहेब, घरी कुणाशी खोटं बोललात का?"

"नाही," गेरार्ड म्हणाला, आणि धाडकन पुढे गेला.

तिने त्याला दोन्ही हातांनी झेललं. मंडळी टाळ्या वाजवत होती, तेवढ्यात ती त्याच्या कानाशी म्हणाली, "बिटाने काही आठवत नाही रे मला. अहवाल सापडला तुझ्या कोटात, ईस्टरच्या आधीच."

गेरार्डने मान वर केली. "मग बोलली का नाहीस?"

"तू इतकं मन लावून सोंग करत होतास. मोडवेना मला." तिने त्याची बाही घट्ट धरली. "गेरार्ड, मला भीती वाटते. इथून पुढे कुठे जायचं तेच आठवत नाहीये."

एकतीस वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. त्याला रडू आलं, आणि इतके दिवस तिला या भीतीत एकटीला ठेवल्याची लाजही वाटली.

"डावीकडे," तो म्हणाला. "मग वेशीतून खाली, विस्वाच्या काठाला."

"आणि तुझंच नाव गेलं म्हणजे? तू कोण तेच कळेनासं झालं म्हणजे?"

"तर पाहुणा म्हणून येईन," गेरार्ड म्हणाला. "तू 'साहेब' म्हण. सवय झालीय मला."

ओतिलियाने त्याच्या कोटाच्या पाठीवरची विटेची धूळ झटकली, सगळ्यांदेखत, सावकाश, कॉलरपासून खालपर्यंत. लुब्लिनच्या बाई आ वासून बघत राहिल्या. मग तिने नवऱ्याच्या दंडात हात घातला आणि छत्री उंच केली.

"चला मंडळी, आता नदीवर."