हाजींची बहीण

आई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी आणि मामा छापखान्यात बसलो होतो. आमच्या यज़्द शहरात माणूस गेलं की त्याचा कागद छापून गल्लीतल्या भिंतींवर लावतात. पुरुष असेल तर त्याचा फोटो. बाई असेल तर बहुधा गुलाब. पुष्कळदा नावही नसतं. अमक्याची पत्नी, तमक्याची आई.

आईनं आयुष्यातली बरीच वर्षं या गुलाबांवर घालवली. एकच कागद ती उन्हानं पिवळा पडून गळेपर्यंत कॅमेऱ्यानं टिपत राहायची. नंतर तिनं जिवंत बायकांना कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि प्रत्येकीला विचारलं, "तुमच्या कागदावर काय छापावं?" कुणी हसली, कुणी रागावली. एक जण मुलाला विचारून येते म्हणाली आणि आलीच नाही. त्या चित्रणाचा खेळ तेहरानच्या एका तळघरात लागला आणि लगेच बंद पाडला गेला. परदेशात त्याचं कौतुक झालं. आईचा कॅमेरा जप्त झाला, परत मिळाला, पुन्हा गेला. शेवटी शेवटी ती कौतुक आणि जप्ती दोन्हींना एकाच आवाजात "बरं" म्हणायची.

आता तिचाच कागद छापायचा होता.

"गुलाब," मामा म्हणाले. "लाल नको. पांढरा सभ्य दिसतो."

"फोटो," मी म्हटलं.

आईचे फोटो नव्हतेच; ती कायम कॅमेऱ्यामागे. पण प्रत्येक चित्रणाआधी, बाई यायच्या आत, ती स्वतः त्या खुर्चीत बसायची. चेहऱ्यापुढे कोरा कागद धरायची आणि मी त्यावरून कॅमेऱ्याचे रंग जुळवायचे. त्यातलंच एक चित्र मी आणलं होतं. कागद हनुवटीपर्यंत खाली आलेला, पिकले केस मोकळे, नजर माझ्याकडे.

छापखान्याच्या सियामकनं ते बराच वेळ पाहिलं. "चेहरा छान आहे हो. पण डोकं उघडं. हे छापलं तर माझ्या दुकानाला कुलूप." मग त्याला हुरूप आला. "स्कार्फ मी चढवतो ना! परवा एका डॉक्टरीणबाईंना चढवला, त्यांच्या नवऱ्यालासुद्धा कळलं नाही."

त्यानं पडद्यावर आईच्या डोक्याला राखाडी स्कार्फ बसवला, कानाशी नीट दाबला. समोर एक कडक मुख्याध्यापिका तयार झाली.

"बघ, किती शोभतं," मामा म्हणाले.

"मामा, ही कोण आहे?"

त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "नाही," ते हळूच म्हणाले. "आपली नाही ही. म्हणून तर म्हणतोय, गुलाब."

मामा वाईट नाहीत. दवाखान्याच्या बाकावर माझ्याबरोबर तेच बसले. दुखवट्याला बसायला मशीद त्यांनीच ठरवली, तिथे वाटायचा हलवाही त्यांनीच सांगितला.

"असला फोटो लावलास तर मशीद मिळायची नाही, पोरी. माणसं काय रस्त्यावर बसवू? तुझ्या आईमुळे मला आयुष्यभर मान वर करता आली नाही. आता तरी..."

"काय केलं तिनं तुम्हाला?"

"काही नाही. तेच तर. मला कधी काही विचारलंच नाही."

मी मामांना एक गोष्ट सांगितली नाही. ते चित्र ज्या चित्रणातलं आहे, त्याला आवाजही आहे. मी कॅमेऱ्यामागून विचारते, "आणि तुझ्या कागदावर काय?" आई म्हणते, "तुला सोपं पडेल ते छाप. तू तेव्हा दमलेली असशील."

दमलेच होते. गुलाबाला हो म्हटलं असतं तर घरी जाऊन झोपता आलं असतं. पण मग महिनाभर रोटी आणायला जाताना कोपऱ्याकोपऱ्यावर तो गुलाब दिसला असता. त्याच्याकडे बघायची ताकद माझ्यात नव्हती. मामांशी भांडायचीही नव्हती.

"दोन वेगवेगळे छापू," मी म्हटलं. "तुमचा गुलाब, खाली मशिदीचा पत्ता. माझा फोटो, खाली घरचा. माझे मी घरीच छापते. सियामकआगांवर बालंट नको."

"एका बाईचे दोन कागद? लोक हसतील."

"हसू देत."

मामा सियामककडे वळून म्हणाले, "पांढरा."

दुपारी मी माझे कागद चिकटवले. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यातले बहुतेक कुणीतरी फाडून टाकले होते. रोटीवाल्याच्या भिंतीवर तेवढा एक उरला होता, मामांच्या कागदाला खेटून. तिथे एक म्हातारी बगलेत गरम रोटी धरून उभी होती. मी तिला ओळखत नव्हते.

"चष्मा घरी राहिला. वाच ना गं," ती म्हणाली.

मी आधी मामांचा वाचला. "हाजी कमाल मेहरीज़ी यांची आदरणीय भगिनी." मग शेजारचा. "फरंगीस मेहरीज़ी, छायाचित्रकार."

"अरेरे! एकदमच दोघी?" तिनं आधी गुलाबाकडे, मग फोटोकडे पाहिलं. ओठ हलवत फातिहा म्हटला, थांबली आणि दुसरीसाठी पुन्हा म्हटला. "दोन्हीकडे आजच बसणार आहेत ना? माझे गुडघे काही दोन घरं चालायचे नाहीत. कुणाकडे जाऊ?"

समजावून सांगायला मी तोंड उघडलं. पण तेवढंही त्राण नव्हतं.

मी फोटोवर बोट ठेवलं. "हिच्याकडे या," मी म्हटलं.