धुराचा डाग

गौरेशला बँकेत नोकरी होती, गोव्यातल्या नार्व्यात घर होतं, आणि एवढं सुख सोसवेना म्हणून त्याने दुर्बीण घेतली. हे शांतारामकाकांचं मत. त्या घरात मत एकच असे, आणि ते काकांचंच असे.

मे महिन्यात, पावसाने आभाळ ताब्यात घेण्याआधी, गौरेशने अंगणात दुर्बीण मांडली. धनु राशीतला लगून नावाचा तेजोमेघ, हजारो प्रकाशवर्षं लांबचा, बघायला काकांना मोठ्या हौसेने बोलावलं. या माणसाने एकदा 'बरं आहे' म्हणावं, एवढीच बिचाऱ्याची आस.

काकांनी डोळा लावला. "काच पुसूक नाय रे तू? धुराचो डाग पडलोहा."

"काका, डाग न्हय! तोच तो!"

तोवर काकांनी खांद्यावरच्या तेलकट पंच्याने काच पुसलीही. तीही असा जोर लावून, की दुर्बीण आभाळ सोडून गोठ्याकडे वळली. तासभर धरलेला नेम गेला.

तरी गडी हटला नाही. रोज रात्री डास पोसत त्याने शेकडो फोटो काढले, एकावर एक रचले, आणि तो राखाडी डाग गुलाबी होऊन उमलला. डोळ्याला न दिसणारा रंग कॅमेरा साठवत जातो, हे काकांना समजावूनही झालं.

"कंप्युटरात रंग भरलंस," काकांनी निकाल दिला. गौरेशच्या ते जिव्हारी लागलं.

त्याने फोटो मोठा छापून भिंतीवर लावला होता. चवथीला काकांनी तो उतरवून गणपतीमागे टांगला. पडद्याचा प्रश्न फुकटात सुटला. त्याच्यापुढे छताला फळाभाज्यांनी लगडलेली माटोळीची चौकट बांधली, आणि तेजोमेघाच्या नेमक्या गाभ्यावर एक गलेलठ्ठ तवसं लोंबू लागलं. हजारो वर्षं बिनबोभाट आलेला उजेड शेवटी काकडीपाशी अडला.

आरतीनंतर शेजारचे गोकुळदास म्हणाले, "पडदो बरो मेळलो! म्हापशाच्या बाजारात?"

गौरेश तोंड फिरवून स्वयंपाकघराकडे निघाला. पुढचं त्याला ऐकायचंच नव्हतं.

पण घरची वस्तू बाजारातली म्हटलेली काकांना खपणार थोडीच! ते उठले, तवसं हाताने बाजूला सारलं. "बाजारात खंय मेळता ह्यां? आमच्या अंगणातसून दिसता. आमच्या गौरेशान काढलोहा फोटो."

"मग माकाय दाखवा."

"आता पावस. मे म्हयन्यात येवा." काका जरा घुटमळले. "पयलो धुराचो डाग दिसतलो. पुसू नकात. तोच तो."