दगडावरची पकड

लाँड्रीच्या वरची खोली मामांनी भाचीला दर रविवारी सकाळी वापरायला दिली होती. अट एकच, खालच्या यंत्रांच्या आवाजाबद्दल तक्रार करायची नाही. यंत्रं फिरायला लागली की फरशी थरथरायची आणि टेबलावरचे माऊस आपोआप थोडे सरकायचे. भाची आठवडाभर चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायची आणि रविवारी इथे लोकांना मॉड करायला शिकवायची. दुसऱ्याने बनवलेल्या गेममध्ये आपण आपल्या हौसेने केलेला फेरबदल म्हणजे मॉड. मामांना हे काय प्रकरण आहे ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण भाचीला मास्तरीण म्हणायला त्यांनीच सुरुवात केली आणि मग सगळेच म्हणायला लागले.

मास्तरणीने शिकवण्यासाठी एकच गेम निवडला होता. पायथ्याशी छोटं गाव, गावाच्या मागे सरळसोट कडा, आणि तो कडा चढून जायचं. ती स्वतः हे सगळं एकटीने, धडपडत शिकली होती. आपल्याला झाला तो ताप दुसऱ्यांना होऊ नये म्हणून तिने सरावाची छोटी छोटी कामं ठरवून ठेवली होती. आधी गावातल्या एका दाराचा रंग बदलायचा. मग कंदिलाचा उजेड. मग चौकात एक बाक ठेवायचा. मग गावातल्या एखाद्या माणसाच्या तोंडी आपलं वाक्य घालायचं. शिकायला येणाऱ्या एका बेकरीवाल्याला हे इतकं आवडलं होतं की त्याने गावातलं एकही दार सोडलं नव्हतं. त्याचं अख्खं गाव भाजलेल्या पावाच्या रंगाचं झालं होतं.

एका रविवारी एक बाई जिना चढून आल्या. वय चाळिशीच्या पुढे, आवाज खणखणीत, गळ्यात शिट्टी. त्या मोटार चालवायला शिकवायच्या आणि सगळे त्यांना ताईच म्हणायचे. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं.

"मला बाकी काही शिकायचं नाही. माझा भाऊ हा गेम खेळतो. त्याचा डावा हात चालत नाही. त्याला तो कडा चढता आला पाहिजे, एवढं शिकवा."

"शिकवते ना," मास्तरीण म्हणाली. "पण आधी दारापासून सुरुवात करू."

"दार कशाला?"

"हात बसायला."

ताईंनी दार जांभळं केलं. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. पुढच्या रविवारी कंदील आला आणि गेम सुरूच होईना. मास्तरणीने त्यांच्या खांद्यावरून वाकून माऊस हातात घेतला, फाइलमधल्या एका ओळीत राहिलेला स्वल्पविराम टाकला, गेम सुरू झाला. "हे बघा, एवढंसं होतं," ती म्हणाली.

"हो, तुमच्यासाठी एवढंसंच," ताई म्हणाल्या. पर्स उचलत पुढे म्हणाल्या, "बाई, राग मानू नका. पण मला दारं रंगवायची नाहीत. माझा भाऊ घरात बसून आहे."

त्यानंतर त्या आल्या नाहीत.

बेकरीवाला म्हणाला, "घाई झाली होती त्यांना. सोडा."

मास्तरणीला ते सोडता येईना. दुकानात भिंगं घासताना तिच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. दाराचं काम चुकीचं नव्हतं. त्यातून फाइल कुठे असते, ती कशी उघडायची, बदल कुठे दिसतो, हे सगळं कळतं. पण त्या बाईंना दार दिसतच नव्हतं. त्यांना कडा दिसत होता. शेवटी दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी ती पत्ता विचारत त्यांच्या घरी गेली.

दार भावानेच उघडलं. त्याला घरात छोट्या म्हणायचे आणि दाराच्या चौकटीतून यायला त्याला मान वाकवावी लागायची. विजेच्या खांबावर काम करताना तो पडला होता. हाड जुळलं, पण डाव्या हाताची बोटं मिटेनात. "ताई, तुझ्या मास्तरीणबाई आल्यात," त्याने आत हाक दिली.

चहा होईपर्यंत त्याने गेम लावून दाखवला. चढताना उजव्या हाताने माऊस फिरवायचा आणि डाव्या हाताने पकडीची कळ दाबून धरायची. कळ सुटली की माणूस खाली. त्यामुळे छोट्या कड्याला हातच लावायचा नाही. तो गावात फिरायचा. कोण कुठे बसतं, कोणती म्हातारी कोणाशी बोलत नाही, कोंबड्या कुठल्या कुंपणातून निसटतात, त्याला सगळं तोंडपाठ होतं.

"तुम्हाला काय हवंय यात?" मास्तरणीने त्याला विचारलं.

"त्याला वर जायचंय," ताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

छोट्या नुसता हसला.

निघताना मास्तरणीने ताईंना पुन्हा यायला सांगितलं आणि परतीच्या वाटेवर विचार पक्का केला. पुढच्या रविवारी ताई आल्या तेव्हा तिने दार, कंदील, बाक सगळं बाजूला ठेवलं. कड्याच्या अगदी खालचा, माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवरचा एक दगड तिने दाखवला.

"आज कडा नाही चढायचा. फक्त हा दगड. माणसाने याला पकडलं की पडद्यावर एक शब्द दिसला पाहिजे. कोणताही."

"बस?"

"बस. पकड कुठे लिहिलीय ते सापडल्याशिवाय तो शब्द तुम्हाला दाखवता यायचा नाही."

ताईंनी बाही वर केली. गेम बंद पडला. पुन्हा पडला. मास्तरणीचा हात माऊसकडे गेला, तेव्हा तिने तो मुद्दाम मागे घेतला आणि स्वतःच्या मांडीखाली दाबून बसली. ताई ओळ न ओळ बोट ठेवून वाचत होत्या, तोंडाने पुटपुटत. चुकलेला कंस त्यांनाच सापडला. पडद्यावर 'धरलं' असं उमटलं आणि त्यांनी गळ्यातली शिट्टी जोरात वाजवली. बेकरीवाल्याच्या हातून कप निसटता निसटता राहिला, आणि खालून मामांनी ओरडून विचारलं, "काय झालं?"

मग दुसरा दगड. त्यानंतर 'धरलं' आणि 'सुटलं' असे दोन्ही शब्द. मग पकड किती वेळ टिकते तो आकडा बदलून बघणं. प्रत्येक काम छोटंच होतं, पण प्रत्येक काम त्या कड्याचाच एक तुकडा होतं. थंडी सरत आली तेव्हा ताईंनी कोणाला न विचारता घरी बसून शेवटचा बदल केला. पकड सुटेचना. एकदा दगडाला हात लागला की माणूस चिकटला. माऊस फिरवत राहिलं की झालं.

त्या रविवारी त्या आल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं पेढे आणले असतील. त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "जमलं. आणि त्याने ते काढून टाकलं."

मास्तरणीने खुर्ची जवळ ओढली.

"एका दमात वर गेला," ताई सांगू लागल्या. "मी मागे उभी होते. टाळ्यासुद्धा वाजवल्या. तो म्हणाला, छान आहे. आणि गेम बंद केला. आठवडाभर हात लावला नाही. काल मी चिडले. म्हटलं, अरे, तुझ्यासाठी डोळे फोडून घेतले मी, तुला काही किंमत आहे की नाही? तर म्हणाला..." त्या थांबल्या. "म्हणाला, ताई, तुझ्या शिकवायच्या गाडीत तुझ्या पायाखाली पण ब्रेक असतो ना? नवीन माणूस घाबरला की तू दाबतेस. मला तू त्याच गाडीत बसवलंस. मी चढलोच नाही. तू चढलीस."

बेकरीवाल्याने ताईंपुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

"त्याचं चुकतंय का?" ताईंनी विचारलं. डोळे भरले होते, पण आवाज तसाच खणखणीत.

मास्तरणीची नजर टेबलावरच्या माऊसकडे गेली. तिला स्वतःचाच हात आठवत होता, खांद्यावरून वाकून माऊस काढून घेणारा. "चुकत नाहीये," ती म्हणाली. "आणि तुमचंही नाही. तुम्हाला तो पडलेला पुन्हा बघायचा नव्हता."

ताईंनी पदराने नाक पुसलं. "मग आता काय करू?"

"त्याला घेऊन या. कसं पडायचंय ते त्यालाच विचारू."

छोट्या पुढच्या रविवारी आला. जिना अरुंद होता आणि कठडा डाव्या बाजूला. तो उजवा खांदा भिंतीला टेकवत चढला. ताई मागून चढत होत्या, हात पुढे करून, आणि तो हात त्याला लागणार नाही याची काळजी घेत. वर आल्यावर त्याने खोली न्याहाळली, बेकरीवाल्याचं पावाच्या रंगाचं गाव बघितलं आणि म्हणाला, "एवढी भूक?" तिथून पुढे त्या दोघांची गट्टी जमली.

काय हवं ते त्याच्याकडे नेमकं तयार होतं, फक्त आजवर कोणी विचारलं नव्हतं. "कळ धरून ठेवायची भानगड नको. एकदा दाबली की धरलं, पुन्हा दाबली की सोडलं. कळ माऊसवर. पण दम लागलाच पाहिजे. जास्त वेळ लटकलो तर हात सुटला पाहिजे. इतर लोकांचा सुटतो तसा."

"तसाच?" ताईंनी विचारलं.

"तसाच."

ताईंनी ते घडवलं. सोपं नव्हतं. दम संपायच्या आधीच माणूस सुटायचा, कधी सोडल्यावरही हवेत तरंगत राहायचा. छोट्या शेजारी बसून पडायचा आणि पडल्या पडल्या काय बिघडलं ते सांगायचा. सांगताना जे शब्द वापरायचा ते ऐकून मामांनी एकदा वर येऊन खिडकी लावून घेतली. "गिऱ्हाइकं उभी असतात रे खाली," एवढंच म्हणाले. दर वेळी तो माणूस कड्यावरून कोसळला की ताईंचा उजवा पाय टेबलाखाली आपोआप दाबला जायचा. मास्तरणीने ते पाहिलं होतं.

मॉड पूर्ण झाल्यावर मास्तरणीच्या सांगण्यावरून ताईंनी ते इंटरनेटवर इतरांसाठीही खुलं ठेवलं. आठवड्याने कुणा अनोळखी माणसाने खाली लिहिलं, माझ्या बायकोला अर्धांगवायू झालाय, ती आज पहिल्या कपारीपर्यंत गेली आणि पडली, फार खूश आहे. ताईंनी ते मोठ्याने वाचायला घेतलं आणि अर्ध्यात बेकरीवाल्याकडे दिलं. "तुम्ही वाचा," म्हणाल्या.

मास्तरणीने दाराचं काम टाकून दिलं नाही. बेकरीवाल्यासारख्यांना दारच लागतं. पण नवीन माणूस आला की ती आता आधी विचारायची, "या गेममध्ये तुम्हाला काय खुपतं?" उत्तर मोठं असायचं, कधी वेडगळ असायचं. मग ती आणि तो माणूस मिळून त्याचा पहिला तुकडा शोधायचे, एका सकाळी हातावेगळा होईल एवढा. चूक कुणाची झाली की ती खिडकीशी जाऊन उभी राहायची. तिला ते जड जायचं. वाळत घातलेल्या चादरी बघत ती तिथे थांबायची.

छोट्या कड्यावरून पडत राहिला. उन्हाळा लागला. मग एका दिवशी ताई कामावरून लवकर आल्या, तर तो स्वयंपाकघरात कांदा चिरत होता. डाव्या मनगटाने दाबून, उजव्या हाताने. पडदा बंद होता.

"आज खेळला नाहीस?"

"खेळलो. वर पोहोचलो." जरा थांबून म्हणाला, "परवाच."

"परवा? अरे, आणि मला आज सांगतोस? मी टाळ्या..."

"म्हणूनच." तो हसला. ताईंनाही हसू आलं. मग त्या स्टुलावर बसल्या आणि हळू आवाजात विचारलं, "कसं आहे वर?"

"काही नाही गं. वारा आहे. एक सपाट दगड आहे, त्यावर बसता येतं. मी बसलो बराच वेळ. पण उतरायला वाटच केली नाहीये त्यांनी. वर गेलं की पुढे गेममध्ये काही नाही, माणूस तिथेच उभा." त्याने कांदा कढईत सरकवला. "मला खाली गावात यायचं होतं. बाईंना विचार ना, वाट करायची तर सुरुवात कुठून करू?"

"माझ्याकडे कशाला? तूच विचार," ताई म्हणाल्या, आणि फोन त्याच्या उजव्या हाताजवळ ठेवून हात धुवायला गेल्या.