केसपेपरच्या कापलेल्या ओळी

ओळखलंत का मला? कसे ओळखाल, तोंडच फुटलंय माझं! मी इस्पितळाच्या नोंदणीखोलीतला संगणक बोलतोय. स्क्रीनला भेगा, अर्धी बटणं गायब. पण अजून धुगधुगी आहे, तोवर सांगून घेतो.

तीन वर्षं माझ्यावर नुसती पत्रं टाइप झाली. मग वरून हुकूम आला, अपघात विभागाचे सगळे केसपेपर नव्या प्रणालीत भरा. भारी होती ती! लाखो नोंदी पेलायची, आणि कुणाच्या कागदावर चार गोष्टी, कुणाच्या चौदा, तरी कुरकुर नाही. ती शिकायची होती आमच्या नोंदणीबाईंना. त्यांची अठ्ठावीस वर्षं रजिस्टरात रकाने आखण्यात गेलेली. भाची फोनवरून शिकवायची.

बाईंनी पहिल्याच दिवशी मला बजावलं : नाव, वय, इजा, उपचार. चारच रकाने. पाचवी गोष्ट आली की मी अख्खी नोंद परत फेकायचो. "या सिस्टरना निबंध लिहायला कुणी सांगितलंय!" असं म्हणत बाई जास्तीच्या ओळी गाळून नोंद पुन्हा भरायच्या. मला ते पटत नव्हतं, पण मी पडलो हुकमाचा ताबेदार.

एक शिलाईवाली यायची. आधी मनगट मोडलेलं, मग बरगडी, मग कानाचा पडदा फाटलेला. डॉक्टरांनी विचारलं, "हिचं आधीचं काही?" मी इजेचा रकाना दाखवला : जिन्यावरून पडली. तिन्ही वेळा तेच. त्यांनी तिला घरी सोडलं.

आठव्या दिवशी ती स्ट्रेचरवर आली. जबडा दोन ठिकाणी मोडलेला, तोंडात रक्त आणि तुटके दात. नवरा बाहेर सांगत होता, "पुन्हा पडली हो. वेंधळीच आहे. उद्या घरी नेतो."

बाईंनी तिचे मूळ कागद काढले. गाळलेल्या ओळी तिथे होत्या. 'नवरा सोबत, बोलू देत नाही.' 'गळ्यावर बोटांचे वळ.' 'एकटी असताना म्हणाली, मारून टाकेल.'

"काय करून बसले गं मी!" बाई फोनवर भाचीपाशी रडायला लागल्या.

"मावशी, रड नंतर. संगणकाला म्हण, चार गोष्टी हव्यातच, पण जास्तीच्या येतील त्या येऊ देत. सगळे कागद पुन्हा भर, काही न गाळता. मग संगणकालाच विचार, गळ्यावर वळ कुणाकुणाच्या."

बाईंनी दोन माणसं मदतीला घेतली आणि जेवायलाही न उठता कागद भरले. प्रश्न दोनदा चुकला. तिसऱ्यांदा मी सगळं ओकलो. डॉक्टरांनी पोलिसांना फोन लावला.

नवऱ्याला कुणकुण लागली. लोखंडी स्टूल उचलून तो आत घुसला. पहिला घाव माझ्या तोंडावर. दुसऱ्याला बाई आडव्या आल्या. त्यांच्या हाताची हाडं माझ्या बटणांवरच मोडली. तरी तो हाणतच राहिला.

"आता दाखव काय लिहिलंय ते!" तो धापा टाकत म्हणाला.

"अरे मेल्या, यातलं सगळं आणखी दोन मशीनवर आहे," बाई जमिनीवरूनच ओरडल्या. "फोड, किती फोडतोस!"

वॉर्डबॉयनी त्याला पाडलं, पोलिसांनी नेलं. शिलाईवाली जगली. जबडा तारांनी बांधलाय, म्हणून जबाब लिहून दिला तिने.

पण बाईंच्या प्रश्नाला तिचं एकटीचंच नाव आलं नव्हतं. गळ्यावर वळ असलेल्या आणखी एकोणीस जणी निघाल्या. त्यातल्या दोघींची शेवटची नोंद : दाखल करण्यापूर्वीच मृत. त्यांच्याही ओळी बाईंनीच गाळल्या होत्या. हात प्लास्टरमध्ये घेऊन बाई रोज ती दोन नावं वाचतात.

मी उद्या भंगारात जाईन. माझं काही नाही हो. पण उरलेल्या सतरा जणी आत्ता आपापल्या घरी आहेत. पत्ते नोंदीत आहेत. कुणीतरी आजच जा.