शिलाईपुरतं जास्त

त्या महिन्यात घरी तीन गुरुजी येऊन गेले. तिघेही एकाच पडद्यातून आले, तिघांनीही पाणीसुद्धा मागितलं नाही, आणि तिघांनाही टिटवीने पहिल्याच दिवशी नावं ठेवली.

टिटवी म्हणजे बारा वर्षांची पोर. खरं नाव वेगळं होतं, पण दिवसभर टिवटिव करणारीला खऱ्या नावाने कोण हाक मारतं? चार वर्षांपूर्वी तिने शाळा सोडली. तिथे तिचं गणित सगळ्यांच्या आधी व्हायचं आणि उरलेला तास ती खिडकीला देऊन टाकायची. तेव्हापासून तिची शाळा पुढच्या खोलीत भरायची, आईच्या कापड बेतायच्या टेबलावर. एका टोकाला वह्या, दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी कोटाच्या बाह्या, आणि कोपऱ्यात मान नसलेला पुतळा, जो चार वर्षांत एकदाही चुकला नव्हता. आई शिवणकाम करता करता शिकवायची. अपूर्णांक टिटवी मोजपट्टीवर शिकली, कोन खडूने शिकली, आणि धीर धरायला शिकली तो उसवलेल्या शिवणीवर.

सातवीच्या पुस्तकात मात्र आकड्यांच्या रांगेत अक्षरं घुसली.

"हा क्ष कोण?" आईने विचारलं.

"तेच तर शोधायचंय."

"हरवलाय तर हरवू दे. मला परवा कोट द्यायचाय." असं म्हणून आईने पुस्तक मिटलं खरं, पण त्या दिवशी एका सदऱ्याला तिने सहाऐवजी सात काजं केली.

म्हणून ठरलं, गणितापुरता ऑनलाइन कोर्स लावायचा. तीन कोर्स आठवडा आठवडा फुकट बघायला मिळत होते. बघायचे, त्यातला एक निवडायचा.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. बोलणं कमी, हातात कायम एखादा स्क्रू. त्यांनी एकच अट घातली. "कोर्स निवडा तुम्हाला हवा तो. पण शेवटच्या आठवड्याचं प्रगतिपत्रक मी बघणार. सत्तरच्या वर असेल तर घरीच शिक. खाली असेल तर शाळा."

"बाबा, असं काय करता!"

"दोन मजल्यांच्या मधे अडकलेली माणसं मी रोज काढतो. वर नाही, खाली नाही, नुसती दार बडवत बसतात. माझी पोर तशी अडकायला नको." आणि त्यांनी शाळेचा प्रवेशअर्ज फ्रिजवर चुंबकाखाली लावून टाकला. दूध काढायला गेलं की अर्ज, पाणी काढायला गेलं की अर्ज.

"सातवीचं गणित ना?" आई सुईत दोरा ओवत म्हणाली. "त्यात काय एवढं! वेळ आली तर डाव्या हाताने शिकवीन मी."

हे वाक्य तिला पुढे महागात पडणार होतं.

पहिले आले उडते गुरुजी. प्रत्येक उदाहरणाला उडी मारायचे, प्रत्येक उत्तराला टाळी वाजवायचे. तिसऱ्या दिवशी टिटवीलाच दम लागला. दुसरं आलं ते चक्क अस्वल, चित्रातलं, गुबगुबीत. काहीही लिहा, ते खूश. टिटवीने मुद्दाम तीन अधिक चार बरोबर सत्तर लाख लिहिलं, तर अस्वल म्हणालं, "वा, अगदी जवळ आलीस!"

"याला जावई करून घ्यावा," आई म्हणाली, "पण गुरुजी नको."

तिसऱ्या कोर्समध्ये चेहराच नव्हता. एक कागद, एक पेन्सिल आणि एक म्हातारासा हात, अंगठ्याला शाई लागलेली. हात सावकाश लिहायचा, आणि प्रत्येक उत्तरापाशी थांबून आवाज यायचा, "कशावरून?" एवढंच. ना शाब्बास, ना टाळी. टिटवी त्या "कशावरून?"वर भाळली. स्वतः आयुष्यभर जो प्रश्न ती दुसऱ्यांना विचारत आली, तो तिला पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं. रोज सकाळी नऊला ती हातगुरुजींपुढे बसायची, दहाला मान वर करायची, आणि दुपारी तीनला पोहायला जायची.

"हाच," तिने जाहीर केलं. "दुसरा कोणी नको."

शनिवारी प्रगतिपत्रक आलं. शंभरापैकी एक्केचाळीस.

बाबांनी ते दोनदा वाचलं. मग फ्रिजपाशी गेले, चुंबक बाजूला केलं आणि म्हणाले, "पेन दे."

"चूक असेल! बाबा, मी सगळं बरोबर सोडवलंय!"

"लिफ्टही म्हणते मी तिसऱ्या मजल्यावर आहे. दार उघडलं की कळतं." त्यांनी आईकडे पाहिलं. "तू काय म्हणतेस? डाव्या हाताने शिकवणार होतीस ना?"

आई एरवी बोलायला कमी नव्हती. आज तिने गळ्यातली मोजपट्टी गुंडाळली, पुन्हा उलगडली. मग हळूच म्हणाली, "शाळेचं ऑफिस सोमवारी उघडतं ना? तोवर थांबा."

टिटवी रडली नाही. तिने खातं उघडलं आणि एकेक उत्तर तपासायला बसली. प्रत्येक उत्तरापुढे वेळ नोंदलेली होती. सकाळी नऊ ते दहा, तिची उत्तरं, सगळ्यांवर हिरवी खूण, चार-दोन सोडून. आणि त्यांच्या खाली, रोज दुपारी साडेतीनला, आणखी वीस-वीस उत्तरं. बहुतेक लालभडक.

साडेतीनला तर ती पाण्यात असायची.

चोर! घरात चोर शिरला होता, आणि तोही कसला, तर गणितं सोडवणारा. टिटवीने असा चोर ऐकला नव्हता जो वस्तू नेण्याऐवजी चुका ठेवून जातो.

ती चुका न्याहाळू लागली. साडेतीनशे सेंटिमीटर दोरीचे सात सारखे तुकडे केले, प्रत्येक केवढा? पन्नास. चोराने लिहिलं होतं बावन्न. तीस बाय सोळाच्या चौकटीभोवती पट्टी लावायची, किती लागेल? ब्याण्णव. चोर म्हणतो चौऱ्याण्णव. खिडकीची उंची एकशे अठरा, चोराची एकशे वीस. जिथे जिथे मोजमाप, तिथे तिथे चोर दोनने पुढे. अपूर्णांक मात्र सगळे अचूक. आणि जिथे उत्तर उणे यायला हवं, तिथे सरळ शून्य. जणू चोराला शून्याखाली उतरायचीच भीती.

"दोनच का?" टिटवी स्वतःशी पुटपुटली.

समोर आई कापड बेतत होती. मापाची रेघ खडूने मारली, मग तिच्याबाहेर दुसरी रेघ, दोन सेंटिमीटरवर. शिलाईसाठी. गेली वीस वर्षं तिने एक कापड नेमक्या मापावर कापलं नव्हतं. कमी पडलं तर रडावं लागतं, जास्त राहिलं तर दुमडता येतं, हे ती ज्याला त्याला सांगायची.

टिटवीच्या हातातली पेन्सिल टेबलाखाली गेली. पेन्सिल शोधायला ती खाली वाकली आणि तिथेच तोंड दाबून बसली. हसावं की भांडावं, कळेना.

रविवारी तीन वाजता ती मोठ्याने म्हणाली, "आई, पोहायला जाते गं!" दार धाडकन लावलं, पण आतूनच. पावलं न वाजवता ती पुढच्या खोलीत गेली आणि पुतळ्यामागे जाऊन उभी राहिली. पुतळ्यावर अर्धा शिवलेला लांब कोट होता, त्यात तिच्यासारख्या दोन मावल्या असत्या.

साडेतीनला आई आली. हात पुसले, चष्मा लावला, गळ्यातली मोजपट्टी सारखी केली, जणू कुणी मोठं माणूस भेटायला येणार आहे. पडदा उघडेपर्यंत ती गुणगुणत होती:

*सुईमागं दोरा गं, दोऱ्यामागं गाठ,*
*लेक गेली पुढं, मला पुसू दे वाट.*

हात उमटला. लिहू लागला. थांबला. "कशावरून?"

"सांगते ना गुरुजी," आई म्हणाली. "जरा दम धरा. गिऱ्हाइकापेक्षा तुमचीच घाई."

हात पुढे लिहू लागला. उत्तर आलं, उणे तीन.

"उणे तीन? उणे तीन मीटर कापड कोणत्या दुकानात मिळतं ते सांगा, मग लिहिते." आणि तिने ठामपणे शून्य लिहिलं.

पुतळा हसला.

आई किंचाळली. खडूचे तीन तुकडे झाले. कोटाच्या दोन बाह्यांमधून टिटवीचं डोकं वर आलं.

"अगं बया! पोहायला गेली होतीस ना?"

"आणि तू कोट शिवणार होतीस ना? सापडलीस! साडेतीन मीटर दोरीतून बावन्नचे सात तुकडे काढलेस. बाकीची दोरी आणलीस कुठून?"

"गिऱ्हाइकाकडून थोडी जास्तच मागून घ्यायची असते," आई सवयीने म्हणाली, आणि मग तिला हसू आलं. पण टिटवी हसत नव्हती.

"आई, ती सगळी उत्तरं माझ्या नावावर लागलीत. तुझ्यामुळे एक्केचाळीस आले. उद्या बाबा अर्ज भरतील."

आईने चष्मा काढला. "म्हणजे ही उत्तरंही मोजतात?"

"सगळं मोजतात."

"काल आकडा ऐकला तेव्हा शंका आली होती. पण वाटलं, छे, हा तर सराव. कच्चा टाका घालून बघत होते गं. मनात होतं, नाही जमलं तर उसवू."

"पण कशाला? मी शिकतेय ना?"

आई खडूचे तुकडे गोळा करू लागली. "म्हणूनच तर. आतापर्यंत तू अडलीस की माझ्याकडे बघायचीस. आता हाताकडे बघणार. पुढच्या वर्षी काय शिकतेस ते मला विचारताही येणार नाही. नुसता हा पडदा चालू करून द्यायला ठेवशील मला, आणि बंद करायला."

टिटवीने खडूचा एक तुकडा उचलून आईच्या हातात ठेवला. मग तिच्या डोळ्यांत ती चमक आली, जिला घरातली माणसं जपून असायची.

"आज बाबांना सांगते सगळं," आई म्हणाली. "हसतील तर हसू देत."

"सांग की. पण आधी एक पत्र लिहिते मी."

तिने कोर्सवाल्यांना लिहिलं: *माननीय गुरुजी, दुपारी साडेतीनची उत्तरं माझी नाहीत. ती माझ्या धाकट्या बहिणीची आहेत. ती हौशी आहे, पण प्रत्येक मापात दोन मिळवते. कृपया तिची वही वेगळी करावी.* खालच्या अर्जात 'त्याच घरातलं दुसरं मूल' असा रकाना होता. इयत्ता विचारली होती. टिटवीने आईकडे एकवार निरखून पाहिलं आणि चौथी लिहिलं.

"चौथी?" आई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "अपूर्णांक सगळे बरोबर आलेत माझे!"

"बरं, पाचवी. पण उणे शिकलीस तर."

उत्तर संध्याकाळी आलं, तेही थेट बाबांच्या फोनवर, कारण पालक म्हणून नंबर त्यांचाच दिला होता. ते जेवणाच्या टेबलापाशी उभ्याने वाचू लागले. "आपल्या थोरल्या मुलीचे सुधारित गुण अठ्ठ्याऐंशी." चेहरा उजळला. "धाकट्या मुलीची समज चांगली आहे, मात्र शून्याखाली जायला ती नकार देते. घरी तिच्याकडे लक्ष द्यावं." ते थांबले. पुन्हा वाचलं. मग हळूहळू मान वर केली.

"आपल्याला धाकटी कधी झाली?"

टिटवीने आईकडे बोट दाखवलं. आई भाजी वाढत होती, ती वाढतच राहिली, एकाच ताटात.

"अहो, सांगणारच होते," ती म्हणाली. "डाव्या हाताने म्हटलं होतं, ते खरं नव्हतं. उजव्यानेही जमत नाही. पण पोरीला शाळेत घालू नका. ती बरोबर होती. चुका माझ्या आहेत."

बाबांनी फोन टेबलावर ठेवला. खुर्ची ओढून आईशेजारी बसले.

"वेडी आहेस. उणे म्हणजे काय घाबरायचंय? शून्य म्हणजे तळमजला. उणे एक म्हणजे तळघर, उणे तीन म्हणजे त्याच्याही खाली, जिथे गाड्या ठेवतात. निम्मं आयुष्य मी शून्याखालीच काढलंय."

आईने भाजीची पळी खाली ठेवली. "हे हात का नाही सांगत?"

"हाताला लिफ्ट कुठे माहीत असते?"

अर्ज त्यांनी फ्रिजवरून काढला, घडी घातली आणि लंगडणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला. मग फोन घेऊन कोर्सच्या अर्जावर पालक म्हणून सही केली, दोन मुलांसाठी.

हातगुरुजींचा दर गुरुवारी प्रत्यक्ष तास असायचा, पडद्यावर पण समोरासमोर. कॅमेरा बंद ठेवायची मुभा होती, ती टिटवीने धाकटीला लगेच मिळवून दिली. तीन गुरुवार झाले आणि बाबांना पालकसभेचं बोलावणं आलं. ते इस्त्रीचा सदरा घालून पडद्यापुढे बसले. आई आणि टिटवी दाराआड.

"थोरलीबद्दल तक्रार नाही," आवाज म्हणाला. "धाकटीचा आवाज मात्र जरा घोगरा वाटतो. सर्दी आहे का?"

"जन्मापासून," बाबा गंभीरपणे म्हणाले.

"अभ्यासात बरी आहे. पण मी एक बोललो की ती चार बोलते. काल मलाच विचारलं, कशावरून?"

बाबांनी दाराकडे पाहिलं. दाराआड दोन डोकी एकमेकींवर आपटली.

"काय सांगू गुरुजी," ते म्हणाले, "घरीही अगदी असंच आहे."