हालवार्डच्या अंगरख्याची आतली बाजू

मंजिष्ठेच्या मुळांत रंगवलेली लोकर पहिल्या धुण्यात पाणी लाल करते, दुसऱ्यात गुलाबी.

फाटकावरची पाटी: प्रत्येक टाका हातचा हवा.

सतरा वर्षांपूर्वीचा जुलै. फ्योर्डच्या, डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या काठी एक बाई बंद गाडीत दोन दिवस बसून आहे.

शवपेटीवाल्याचा निरोप: अंगावर सूज आहे, कपड्याची पाठ कापावी लागेल.

"कात्री लावली तर तो उठून बसेल," आसलाउग म्हणाली. तिनं नवऱ्याचा, हालवार्डचा, लाल अंगरखा तोर्गुनच्या शिवणाच्या टेबलावर ठेवला. "बाजू उसव, दोन कळ्या घालून रुंद कर. बाकी कशाला हात लावू नकोस."

दर उन्हाळ्यात व्हायकिंग काळातल्यासारखं आठवडाभर राहायला लोक त्या काठावर जमत. फाटकावर हालवार्ड असे. तो प्रत्येकाचा कपडा उलटा करून बघे. मशीनची टीप दिसली की माणूस बाहेर. सतरा वर्षांपूर्वी तोर्गुनची आई दवाखान्यात होती, हातानं शिवायला वेळ नव्हता, म्हणून तिनं झग्याची फक्त खालची कड मशीनवर मारली होती. हालवार्डनं ती कड चिमटीत धरून सगळ्यांना दाखवली. "ही बाई शिलाई मशीन घेऊन जहाजात चढली होती वाटतं!" लोक हसले. बाहेर काढल्यावर गाडीत बसून राहिलेली बाई तीच.

आता आख्खी दरी तिच्याकडे कपडे शिवून घ्यायला येते.

तिनं डावी बाजू उसवली. दुमडीवरचे टाके हातचे होते. ते निघाले आणि खाली टीप दिसली. एकसारखी, सरळ, मशीनची. उजव्या बाजूला तीच. बाह्यांना तीच.

काठावर जमणाऱ्यांच्या मंडळातलं कुणी गेलं की त्याच्या कपड्याची वीतभर शिवण उसवलेली ठेवतात. मयताच्या अंगावर घालण्याआधी कपडा उलटा पसरतात आणि प्रत्येक जण तिथं एक टाका घालतो. उद्या अकरा वाजता सव्वीस माणसं येणार होती. तोर्गुननं कळ्या घालून गप्प बसायचं, एवढंच. बाकीचं सगळं ती टीपच सांगणार होती.

दुपारी इंगवाल मेण लावलेला दोरा न्यायला आला. आता फाटकावर तो उभा राहतो.

"उद्या आतून बघणार मी त्याचं काम. म्हाताऱ्यानं कधी उलटा करू दिला नाही."

"तू विचारलं होतंस?"

"एकदा. म्हणाला, माझं तपासायला तुझ्या बापाला पाठव." तो हसला, मग नाक पुसत राहिला. "काय झाकलंयस गं?"

"तुझं जेवण नाही. दार ओढून घे."

तो गेल्यावर त्या दिवशी फाटकावर हसणारी तोंडं तिला एकेक करून आठवली. मग तिनं उसवायचं हत्यार उचललं. बाजू, बाह्या, खांदे, बगला. मशीनचा प्रत्येक दोरा तिनं ओढून काढला, चुलीत टाकला, आणि सगळं पुन्हा हातानं शिवलं. संध्याकाळपर्यंत बोटाला भोकं पडली होती.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या सभागृहात अंगरखा उलटा पसरला होता. इंगवालनं शिवणीवरून नख फिरवलं.

"याला म्हणतात काम," तो सगळ्यांना म्हणाला. "शिका जरा."

शेवटी आसलाउग आली. तिनं सुई घेतली, पण टाका घातला नाही. शिवण धरून ती बगलेपर्यंत गेली, तिथून बाहीत, मनगटापर्यंत. मग तिनं तोर्गुनकडे पाहिलं.

"सगळंच काढलंस?"

"हो. कुणाला काही कळणार नाही."

"जुना दोरा कुठंय?"

"जाळला."

आसलाउगनं वाकून आपला टाका घातला, गाठ मारली आणि दोरा दातांनी तोडला.

तो अंगरखा आसलाउगनं शिवला होता, लग्नाच्या आदल्या हिवाळ्यात, बहिणीच्या मशीनवर.